श्वासरावांचा हुकूम

आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत. ते समोरून येताना दिसले की निम्मी गल्ली नकळत खोल श्वास घेते आणि ते पुढे जाईपर्यंत सोडत नाही. ते पहिलवान नाहीत, पोलिसात नाहीत, कोणाला धाक वाटावा असं त्यांच्यात काहीही नाही. उंची बेताची, पोट बेताबाहेरचं, डोक्यावर केस नावापुरते. पण ते मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅनचं यंत्र चालवतात, आणि त्या यंत्राच्या पोटातून "श्वास घ्या... रोखा... सोडा" असा जो आवाज येतो, तो त्यांचा आहे. गल्लीतली बहुतेक माणसं कधी ना कधी त्या यंत्रात शिरून परत आलेली आहेत. डोकं विसरलं तरी छातीला तो आवाज आठवतो. म्हणून त्यांचं नाव श्वासराव पडलं. खरं नाव आठवायला त्यांच्या बायकोलाही जरा थांबावं लागतं, कारण ती त्यांना 'अहो' म्हणते आणि तेवढ्यावर तिचं भागतं.

हे यंत्र आलं तेव्हा त्यात जगभरच्या भाषा भरलेल्या होत्या, फक्त आपली नव्हती. बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, कोणाचा तरी आवाज भरून घ्या. पहिला मान हॉस्पिटलच्या प्रमुखांना मिळाला. त्यांनी "श्वास रोखा" असं काही म्हटलं की पहिल्याच पेशंटला आपला श्वास आता कायमचा थांबणार असं वाटलं, आणि तो अंगावरच्या हिरव्या गाऊनसह बाहेरच्या चहावाल्यापर्यंत पळाला. मग एका सिस्टरांनी प्रयत्न केला. त्यांचा आवाज इतका गोड निघाला की पेशंट झोपायचे. शेवटी श्वासरावांनी घसा खाकरला. त्यांच्या आवाजात काय होतं देव जाणे. पण भलेभले त्यापुढे मऊ पडले. ज्या माणसाचं घरात मांजरही ऐकत नाही, त्याच्या तोंडून हुकूम सुटला आणि माणसं निमूट थांबू लागली. श्वासरावांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. ती चटक त्यांना जी लागली ती लागली. लग्नाच्या ग्रुप फोटोत फोटोग्राफरच्या आधी हे "रोखा!" म्हणून ओरडतात. शिंप्याकडे माप देताना स्वतः छाती भरून श्वास घेतात आणि टेप निघेपर्यंत सोडत नाहीत. शिंपी बिचारा "सोडा साहेब, सोडा" म्हणत राहतो. परिणामी त्यांचे सगळे शर्ट फक्त श्वास रोखला असतानाच अंगाला बसतात. एरवी आत आणखी एखादा माणूस राहू शकेल.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे एक वाक्य. स्कॅनमध्ये काय दिसलं ते पेशंटला सांगायचं नाही, ते काम डॉक्टरांचं, असा त्या खात्याचा नियम आहे. पण पेशंट टेबलावरून उतरला की आधी यांच्या तोंडाकडे बघतो. म्हणून श्वासरावांनी सर्वांसाठी एकच वाक्य ठरवलं: "फोटो छान आलाय." किराणा दुकानदार हे वाक्य ऐकून इतका खूश झाला की त्याने घरी जाऊन सगळ्या गल्लीला पेढे वाटले. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, पित्ताशय खड्यांनी गच्च. दुकानदार तावातावाने हॉस्पिटलात आला.

"काय हो, छान आलाय म्हणालात ना?"

"मग? खडा न् खडा मोजून घ्या! एवढा स्वच्छ फोटो इथे कोणाचा आला नव्हता."

असा हा माणूस. शेकडो लोकांच्या छात्या ज्याच्या शब्दावर थांबतात. आता त्याच्या शब्दावर जी कधीच थांबली नाही, तिच्याकडे येतो.

ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली आणि आक्काने याला वाढवलं. पुढे ती मुलींच्या शाळेत कवायतीची बाई झाली. तिच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असायची. ती वाजली की मुलीच काय, रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा पाय टेकून उभा राहायचा. नोकरी संपली, शिट्टी राहिली. भावाच्या घरात वरच्या खोलीत ती राहते आणि सकाळी शिट्टी वाजवून घर उठवते. श्वासराव साठीकडे झुकले, तरी तिच्या लेखी ते 'लहान्या'च आहेत. "लहान्या, पाय पूस." "लहान्या, पाठ सरळ." आमच्या वहिनी, म्हणजे श्वासरावांची बायको, सांगतात, लग्नानंतर कितीतरी दिवस त्यांना वाटायचं, या घरात एक लहान मूल आहे आणि ते आपल्याला दाखवत का नाहीत.

तर या आक्काला खोकला झाला. आधी कोणी लक्ष दिलं नाही, कारण आक्का खोकायची तीही शिस्तीत. मग ताप आला. बरगडीखाली दुखायला लागलं. एक दिवस सकाळी शिट्टी वाजली ती अर्धीच, आणि श्वासराव अंथरुणातून उठून जिन्यावर धावले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसात तळाशी हृदयाच्या आडोशाला एक पांढुरका डाग दिसला. न्यूमोनिया असणार म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, ताप संपेना. दुसऱ्या एक्स-रेत डाग तिथेच बसलेला. डॉक्टर म्हणाले, "जंतूंचाच असेल तर औषध बदलू. पण या वयात हटत नसलेला डाग म्हटला की गाठ नाही ना, हे बघावं लागतं. हृदयाच्या सावलीत साध्या फोटोत काही कळत नाही. स्कॅन करा."

स्कॅन! म्हणजे श्वासरावांच्याच खोलीत. त्या दिवशी आक्काला, वहिनींना आणि त्यांना माझ्याच गाडीतून नेलं, म्हणून पुढचं बरंचसं मला माहीत आहे. काचेपलीकडचं जे मला दिसलं नाही ते तिथल्या सिस्टरांनी नंतर अभिनयासह सांगितलं. अभिनय वगळून सांगतो.

पहिली झटापट शिट्टीवरून झाली. धातूची वस्तू आत चालत नाही.

"आक्का, शिट्टी काढ."

"का? ती काय खोकतेय?"

"फोटोत रेघा उठतात गं तिच्या."

"मग तुझं यंत्र कच्चं आहे."

बरीच बोलणी झाल्यावर शिट्टी श्वासरावांच्या खिशात गेली. जाताना आक्काने बजावलं, "वाजवायची नाही हं." त्या क्षणी त्यांचं वय सात असावं.

आक्का टेबलावर आडवी झाली. हात डोक्याच्या मागे घेतले, तेही कवायतीच्या नियमाने, कोपरं ताठ. उभ्या केलेल्या गाडीच्या चाकासारखं ते यंत्र, त्यात टेबल सरकलं. श्वासराव काचेमागे येऊन बसले, बटण दाबलं आणि यंत्रातून त्यांचा तो सुप्रसिद्ध आवाज घुमला.

"श्वास घ्या."

"घेतेय की मघापासून," आतून आक्का म्हणाली. "तू डबा खाल्लास का?"

"रोखा."

"आधी उत्तर दे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"सोडा."

"काय सोडा? खाल्लास की नाही?"

आणि वर खोकल्याची एक उबळ. श्वासरावांनी घाईघाईने माइक ओढला. "आक्का, बोलू नकोस! ते रेकॉर्डिंग आहे. तो मी नव्हे."

"आवाज तुझा आणि तू नव्हेस? काच फोडलीस तेव्हाही हेच म्हणाला होतास."

फोटो शेजारच्या खोलीत रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडमच्या पडद्यावर गेले. मॅडम बाहेर आल्या.

"हे काय पाठवलंय? पेशंट आत नाचत होता का?"

"बोलत होती, मॅडम."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"मी इकडे होतो. आणि तिकडेही मीच होतो."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विषय सोडून दिला. वरचा भाग ठीक आला होता. पण नेमका डाव्या फुप्फुसाचा तळ, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो धावत्या गाडीतून काढल्यासारखा फराटा झाला होता. मॅडम म्हणाल्या, "गाठ आहे की जंतूंनी भरलेला भाग, हे याच्या कडांवरून आणि आतल्या श्वासनळ्यांवरून कळतं. इथे ना कडा दिसताहेत ना नळ्या. तेवढाच भाग पुन्हा घ्या. नाहीच जमलं तर सुई घालून तुकडा काढावा लागेल, आणि त्या खोकताहेत तशात ते मला नको आहे."

त्या फराट्यात श्वासरावांना मात्र एक गोल दिसला होता. पांढरा, गरगरीत. इतकी वर्षं लोकांच्या छात्या बघून त्यांची खात्रीच झाली की ही गाठ. ते बाहेर पाणी प्यायला आले. वहिनींनी आणि मी एकदम त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, "फोटो..." आणि पुढचे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. मी तो माणूस दारू न पिता अडखळताना कधी पाहिला नव्हता, आणि दारू तो पीत नाही. वहिनींनी माझ्या हाताला जो चिमटा काढला त्याचा व्रण आठवडाभर होता.

आत दुसरी खटपट सुरू झाली. रेकॉर्डिंग बंद करून सिस्टरांनी माइक घेतला. "आजी, श्वास घ्या आणि रोखून धरा हं."

"तू कोण गं? आवाज घशातून काढतेस. पोटातून काढ."

सिस्टरांनी पोटातून काढला. आक्का म्हणाली, "शाब्बास. आता पुन्हा." सिस्टरांचा आवाज सुधारला, श्वास काही थांबला नाही. खरं म्हणजे आक्काला थांबायचंच नव्हतं. ती सिस्टरांना हळूच म्हणाली होती, "मघाशी त्याने काचेतून पाहिलं ना, तेव्हाच कळलं मला. त्याचं तोंड नापास झाल्यावर असं व्हायचं. काय व्हायचं ते होऊ दे. नको मला तो फोटो."

सिस्टरांनी ते श्वासरावांना सांगितलं. श्वासराव काचेला नाक लावून उभे राहिले. पलीकडे त्यांची आक्का हात वर करून पडलेली, एकाएकी लहान दिसायला लागलेली. जिच्यापुढे ते जन्मभर हरले, ती काही न खेळता हरायला निघाली होती. आणि मग, सिस्टर सांगतात, त्यांनी खिशात हात घातला, पितळी शिट्टी काढली, माइकला लावली आणि अशी फुंकली की बाहेर आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. एक म्हातारे गृहस्थ तर प्लास्टरमधला पाय विसरून उभे राहिले.

"लहान्या!" आतून गर्जना आली. "वाजवायची नाही म्हटलं होतं ना!"

"आक्का, पैज."

"कसली पैज?"

"हौदातली. मागच्या अंगणातली. मी आता तुझ्यापेक्षा जास्त रोखतो."

लहानपणी अंगणात पाण्याचा हौद होता. दोघं त्यात डोकी बुडवायची; आधी वर येईल तो हरला. आक्का कधी हरली नाही. लहान्या कधी जिंकला नाही, नाक पाण्याबाहेर ठेवूनसुद्धा.



"तू? तुला जिना चढताना धाप लागते."

"तुला न्यूमोनिया झालाय. बरोबरीचा सामना आहे."

"नाक बाहेर ठेवायचं नाही."

"सिस्टर पंच आहेत."

"सिस्टर, त्याचे गाल बघा. लबाडी करतो तेव्हा डावा गाल आत जातो."

खोकून घसा मोकळा केला, पाणी प्यायली, आणि आक्का पुन्हा ताठ झाली. श्वासरावांनी शिट्टी वाजवली. काचेच्या दोन्ही बाजूंना दोन छात्या भरल्या आणि दोन्ही थांबल्या. श्वासरावांनी बटण दाबलं. यंत्र गरगरलं, टेबल सरकलं. सगळं मिळून मनात दहा मोजेपर्यंतचं काम. पडद्यावर फुप्फुसाची एकेक चकती उमटू लागली, स्थिर, रेखीव, कडा न् कडा वेगळी.

यंत्र थांबलं. आता "सोडा" म्हणायचं होतं. पण म्हणणार कोण? श्वासराव स्वतःच गाल फुगवून, डोळे वटारून, टोमॅटोसारखे लाल होऊन उभे. आक्का आत तशीच. सिस्टर ओरडल्या, "अहो भाऊ, सोडायला सांगा! आजींचं फुप्फुस आजारी आहे!" तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि सायकलच्या ट्यूबसारखा फुस्स आवाज झाला. तो माइकवरून आत गेला. तो ऐकल्यावरच आक्काने श्वास सोडला, मनसोक्त खोकली, आणि खोकल्यातून वाट काढत म्हणाली, "हरलास!"

मॅडम पडद्यापाशी बसल्या. श्वासराव त्यांच्या मागे, तोंडावर हात ठेवून. न राहवून त्यांनीच बोट दाखवलं. "मॅडम, ही गाठच ना?"

"कुठली गाठ?" मॅडम म्हणाल्या. "मघाशी हललं म्हणून गोल वाटलं तुम्हाला. हा सगळा भाग जंतूंच्या कामगिरीने भरून पांढरा झालाय, आणि त्या पांढऱ्यात या काळ्या फांद्या बघा, झाडासारख्या. या श्वासनळ्या, मोकळ्या आहेत. गाठीने कुठे दाबल्या नाहीत. आणि ही मधली लहानशी पोकळी, हिच्यात पू साठलाय. साध्या गोळ्या इथे पुरल्या नाहीत, म्हणून ताप हटत नव्हता. माझ्या मते हा न्यूमोनियाच आहे, जरा हट्टी जातीचा. जंतू कोणता ते फोटो सांगत नाही, त्यासाठी कफ तपासायला पाठवा. औषध शिरेतून द्यावं लागेल. आणि ते संपल्यावर हा डाग गेलाय याची खात्री करायची. तोवर मी शंभर टक्के म्हणणार नाही."

शेवटची दोन वाक्यं श्वासरावांच्या कानापर्यंत पोचली नसावीत. कारण दार धाडकन उघडलं आणि ते दोन्ही हात वर करून आम्हा सगळ्यांपुढे नाचत आले.

"न्यूमोनिया! न्यूमोनिया झालाय हो! आक्काला न्यूमोनिया झालाय!"

वहिनींनी आनंदाने हंबरडा फोडला. मी श्वासरावांना मिठी मारली. बाकी खोली आमच्याकडे वळून बघू लागली. प्लास्टरवाले गृहस्थ माझ्याकडे झुकून म्हणाले, "सख्खी बहीण का?"

"सख्खी."

"इस्टेट मोठी असणार," ते म्हणाले आणि शेजारी बसलेल्या आपल्या बायकोपासून जरा लांब सरकून बसले.

आक्का वॉर्डात दाखल झाली. हाताला सुई, सुईला नळी, नळीला बाटली. पण आवाज मोकळा होता. ताप उतरायला लागला तसा तिने वॉर्ड हाती घेतला. फुप्फुसं फुलवायला खोल श्वासाचे व्यायाम करा, असं तिला सांगायला एक तरुण मुलगी यायची. तिसऱ्या दिवशी ती मुलगी खुर्चीवर बसलेली असायची आणि आक्का सगळ्या खाटांना हुकूम देत असायची, "श्वास घ्या! खिडकीजवळच्या बाई, खांदे नकोत, पोट! रोखा! सोडा म्हटल्याशिवाय सोडायचं नाही!" श्वासराव डबा घेऊन यायचे आणि दारात उभे राहून आपला धंदा बुडताना पाहायचे.

"आक्का, ते माझं वाक्य आहे."

"तुझं? हौदावर कोणी शिकवलं तुला?"

घरी आल्यावर शिट्टी पुन्हा पूर्ण वाजू लागली. पण श्वासरावांच्या मनात मॅडमची ती राहिलेली दोन वाक्यं उशिरा पोचली आणि ठाण मांडून बसली. शंभर टक्के म्हणणार नाही. सर्वांना हुकूम देणारा माणूस हुकूम द्यायला विसरू लागला. एका पेशंटने तर आतून विचारलं म्हणे, "साहेब, घेऊ का?"

औषधांचा कोर्स संपला आणि काही आठवड्यांनी आक्काला पुन्हा नेलं. मॅडम म्हणाल्या, या वेळी दोन बाजूंनी साधा एक्स-रे पुरेल. तो अगदी साफ आला नाही तरच पुढचा विचार. शिट्टी निघाली, फोटो झाला, आक्काने एका फटक्यात श्वास रोखला. घरात सरावच तेवढा झाला होता. आम्ही सगळे मॅडमच्या खोलीत उभे. मॅडमनी जुना फोटो एका पडद्यावर लावला, नवा दुसऱ्यावर. चष्मा पुसला. जवळ गेल्या. मागे आल्या. बाजूने काढलेला फोटो लावून हृदयामागचा तो कोपरा मोठा करून पाहिला. पुन्हा चष्मा पुसला. काही डॉक्टरांना चष्मा पुसण्यावर बंदी घालावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

"हं," मॅडम म्हणाल्या. "साफ आहे. डाग गेला. खाली जराशी रेघ राहिलीय, ती जखमेच्या खुणेसारखी. गाठ नव्हतीच."

वहिनी रडल्या, मी वहिनींपासून हात लांब ठेवला, आणि आक्का उठून पदर सावरू लागली.  श्वासराव मात्र भिंतीपाशी पाठ सरळ करून उभे होते. छाती पुढे, गाल फुगलेले, तोंड लालभडक. मॅडमनी चष्मा पुसायला घेतला तेव्हापासून त्यांनी जो श्वास धरला होता, तो अजून आतच होता. त्यांचा शर्ट मात्र त्यांच्या अंगाला अगदी झकास बसला होता.

आक्काने फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्यांचा डावा गाल नीट तपासला, लबाडी नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "जिंकलास. सोड आता, लहान्या."

श्वासरावांनी सोडला.